आवळपाड्याच्या विहिरीचा अर्ज

पेठ तालुक्यात नाशिकची माणसं सहसा दोन कारणांनी जातात. बदली झाली म्हणून, किंवा झालेली बदली रद्द करून घेता आली नाही म्हणून. मी गेल्या चैत्रात तिसऱ्याच कारणाने गेलो. मी लिहिलेला एक अर्ज खरा आहे की नाही हे तपासायला मुंबईहून एक गृहस्थ येणार होते, आणि त्यांना वाट दाखवायला कोणीतरी हवं होतं.

अर्ज लिहिण्याचा माझा धंदा नाही. मी एका वर्तमानपत्राचा जिल्हा वार्ताहर. कांद्याचे भाव, मालेगावच्या यंत्रमागांची बंद-चालू अवस्था, मनमाडला रखडलेल्या गाड्या, हे माझे विषय. पण थंडीत एके दिवशी आवळपाड्याचे भोये गुरुजी गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी येऊन बसले. गुरुजी तिथल्या प्राथमिक शाळेचे एकमेव शिक्षक आणि स्वतः त्याच भागातले कोकणा आदिवासी. हातात आमच्याच पेपरचं कात्रण होतं. मुंबईचा एक धर्मादाय ट्रस्ट आदिवासी पाड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी अनुदान देणार, अशी ती दोन बोटं उंचीची बातमी. मीच दिली होती आणि विसरलोही होतो.

"साहेब, तुम्ही पेपरात लिहिता ते लोक वाचतात," गुरुजी म्हणाले. "मग तुम्ही लिहिलेला अर्जबी वाचतील."

आमच्या पाठशाळेतल्या तर्काच्या शास्त्रीबुवांनी या अनुमानाला हेत्वाभास म्हणून उभं केलं असतं. पण गुरुजी चहाला हात न लावता बसले होते. मी लिहून दिला. ट्रस्टचे नियमही मराठीत उतरवून दिले, गावात वाचून दाखवायला. मुख्य नियम तीन. पाण्याची खरोखर टंचाई हवी. गावाने श्रमदान केलं पाहिजे. आणि मंजुरीपूर्वी सुरू केलेल्या कामाला अनुदान मिळणार नाही.

होळीनंतर ट्रस्टचं पत्र आलं. पाहणीला प्रधानसाहेब येत आहेत.

प्रधानसाहेब म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. नाशिकरोडला उतरले तेव्हा डोक्यावर हॅट, खांद्याला फिरकीच्या झाकणाचा पाण्याचा डबा आणि हातात मोजपट्टीची पिशवी. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या धोतराकडे पाहिलं आणि विचारलं, "आपण चालणार का यात?"

"याआधी चाललेलो आहे," मी म्हटलं.

तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

ज्यांना तिकडे जायची हौस असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. पेठची एसटी नाशिकच्या स्टँडवरून सुटते. सकाळची धरावी. दुपारच्या गाडीत कोंबड्या असतात आणि त्यांचं तिकीट नसल्यामुळे त्या कुठेही बसतात. भाडं बेताचं आहे, सीटचं गादीकामही बेताचं. सावळघाट चढताना गाडी दोनदा थांबते. एकदा इंजिनाला पाणी पाजायला आणि एकदा ड्रायव्हरला तंबाखू मळायला. दोन्ही वेळा खाली उतरून दरीकडे पाहावं. चैत्रात सागाला पान नसतं, त्यामुळे डोंगराची हाडं दिसतात. करंजाळीला भजी ताजी मिळतात, चहा मात्र सकाळचाच दिवसभर उकळतो. घाटाखाली द्राक्षांचे मळे पाहत आणि पंपांची टकटक ऐकत आलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा जाणवतं की बराच वेळ पाणी दिसलेलं नाही. आणि पावसाळ्यात हाच तालुका इतकं पाणी झेलतो की छत्री उघडणं हास्यास्पद ठरतं. ते सगळं पाणी डोंगर उतरून गुजरातकडे निघून जातं. जाताना थांबत नाही.

पेठला मुक्काम विश्रामगृहात. तिथे जेवण हवं असेल तर आधी निरोप पाठवावा लागतो, आणि निरोप पाठवला असेल तर जाऊन आठवण द्यावी लागते. भोये गुरुजी तिथेच भेटले. सातवीच्या परीक्षेच्या कामासाठी ते होळीपासून पेठला अडकून पडले होते आणि पाड्यावर गेले नव्हते.

"साहेब, सगळं व्यवस्थित हाय," त्यांनी प्रधानांना सांगितलं. "आमच्या झिऱ्याला वाटीवाटीनं पाणी भरतात बाया. तुम्ही बघा फक्त."

झिरा म्हणजे जमिनीत हातभर खोल केलेला खड्डा. त्यात पाणी पाझरतं. एक बाई वाटीने भरते, दुसरी वाट पाहते, तिसरी वाट पाहणाऱ्या बाईशी भांडते. मी अर्जात या झिऱ्यावर एक अख्खा परिच्छेद खर्च केला होता. माझ्या मते तो चांगला उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरमपूरकडे जाणाऱ्या गाडीने एका फाट्यावर उतरलो आणि चालायला लागलो. वाट दोन टेकड्या चढून तिसरीच्या कुशीत जाते. ऊन वर यायच्या आत निघालात तर त्रास नाही. वाटेत मोहाची फुलं पडलेली असतात आणि पोरी ती टोपलीत वेचत असतात. एक फूल मी तोंडात टाकलं. गोड लागलं. प्रधानांनी नको म्हटलं. सरकारी नोकरीत असताना मोहाशी आपला संबंध फक्त छाप्याच्या बातम्यांतून आला, असं ते म्हणाले.

दुसऱ्या टेकडीवर गुरुजी थांबले आणि डोळ्यांवर हात धरून खाली पाहत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तो ढीग नव्हता," गुरुजी म्हणाले.

पाड्याच्या खालच्या अंगाला, मी अर्जात विहिरीसाठी सुचवलेल्या जागी, लाल मुरमाचा घराएवढा ढीग होता. गुरुजींचा चालण्याचा वेग असा वाढला की प्रधानांची हॅट मागे पडली.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा माणसं स्वागताला ढिगाशेजारीच उभी होती. पुढे लहानूबाबा, पाड्याचे कारभारी. कमरेला पंचा, अंगात गुरुजींनी दिलेला असावा असा पांढरा शर्ट. त्यांनी हात जोडले आणि मग एका बाजूला झाले, एखादा माणूस आपली सून दाखवायला बाजूला होतो तसे. मागे विहीर होती.

चांगली, गोल, रुंद विहीर. खाली खडक लागलेला. खडकाच्या फटीतून पाणी येऊन तळाशी गुडघाभर साचलेलं. कडेला एक नारळ फोडलेला, तांदळाचे दाणे, शेंदराचं बोट.

प्रधानांनी पिशवी खाली ठेवली. "अर्जात विहीर नाही असं लिहिलं आहे," ते मला म्हणाले.

"लिहिलं तेव्हा नव्हती," मी म्हटलं.

गुरुजींचा चेहरा पाहवत नव्हता. "बाबा, मी नियम वाचून दाखवला होता ना? मंजुरीच्या आधी काम चालू करायचं नाय म्हणून?"

"दाखवला," लहानूबाबा शांतपणे म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी बसून इचार केला. म्हटलं, लिवणाऱ्याचं काहीतरी चुकलं असंल. असा उलटा नियम कोण करंल?"

लिवणारा मी होतो. मी विहिरीत पाहत राहिलो.

मग बाबांनी त्यांची बाजू सांगितली, आणि मला ती प्रधानांपेक्षा आधी कळली असं नाही, दोघांनाही सावकाशच कळली. त्यांच्याकडे मोठं काम एकट्याने होत नाही. भाताची आवणी असो, घर शाकारणं असो, ज्याचं काम तो बाकीच्या घरांना हाक मारतो, ते येऊन राबतात आणि तो त्यांना जेवू घालतो. याला इर्जिक म्हणतात, खाली देशावरही हा शब्द आहे, पद्धत मात्र आता शब्दापुरती उरली आहे.

"पण साहेब," बाबा म्हणाले, "पहिली मूठ मी लावायची. मी बांधावर बसून हाका मारल्या तर कोण येईल? म्हणतील, याला काम नाय, गंमत हाय. तुम्ही येवढे मुंबईहून आमच्या कामाला येणार. आम्ही काय हात बांधून बसायचं? लाज वाटली असती."

म्हणून पाहुणे येणार असा गुरुजींचा निरोप आल्यावर पाड्याने इर्जिक ठेवली. शेजारच्या दोन पाड्यांची माणसं आली. राखून ठेवलेली नागली, म्हणजे नाचणी, दळली गेली, एक बोकड गेला. माणसं तालात खणत राहिली, बाया घमेली वर देत राहिल्या आणि होळी ते पाडवा या मधल्या रिकाम्या दिवसांत विहीर झाली. माझा टंचाईवरचा परिच्छेद त्या लाल ढिगाखाली कुठेतरी होता.

प्रधान पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरले. बाजूच्या मुरमात त्यांनी बोट खुपसलं, ते सहज आत गेलं. वर येऊन त्यांनी रुमालाने बोट पुसलं.

"काम छान झालं आहे," ते म्हणाले. "पण ही माती पाऊस धरणार नाही. आतून दगड-सिमेंटचं बांधकाम झालं नाही तर पहिल्या मोठ्या पावसात कडा कोसळतील. विहीर बुजेल."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं," लहानूबाबा म्हणाले. "खणायचं आम्हाला येतं. सिमेट कुठून आणू?"

सिमेंट परमिटवर मिळतं हे वाचकांना ठाऊक आहे. परमिट ज्यांना मिळतं तेही ठाऊक आहेत.

"आणि झिरा कुठे आहे?" मी विचारलं. निदान तो तरी दाखवावा, या हेतूने.

विहिरीच्या काठावर हंडे घेऊन बसलेल्या बायकांत बुधीबाई होती. सुकलेली, ताठ, तोंडात मिशरी. तिने विहिरीच्या पोटाकडे हनुवटी केली. "त्योच हाय. तिथंच खणली. पाणी जिथं हाय तिथं खणणार का नाय तिथं?"

म्हणजे आता परिस्थिती अशी होती. बांधकाम झालं नाही तर पावसात विहीर जाणार, आणि विहिरीबरोबर झिराही जाणार. पुढच्या उन्हाळ्यात या बायकांना दोन टेकड्या उतरून ओहोळात डबकं शोधावं लागणार. पाड्याने आपल्याकडे होतं नव्हतं तेवढं पाणी डावावर लावलं होतं, आणि ते अनुदानाच्या नियमात बसत नव्हतं.

गुरुजींना एकदम सुचलं. "साहेब, बुजवू का? तुम्ही पुढच्या महिन्यात परत या. तेव्हा विहीर नसंल."

आमच्या न्यायशास्त्रात अभावाचे प्रकार सांगितले आहेत. घडा घडवण्याआधी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव, आणि घडा फुटल्यावर जो उरतो तो प्रध्वंसाभाव. ट्रस्टला विहिरीचा प्रागभाव पाहायचा होता. पाड्याने तो खणून काढला होता आणि गुरुजी त्याच्या जागी प्रध्वंसाभाव बसवू पाहत होते. दोन्ही वरून सारखेच दिसतात. मी प्रधानांना तसं सांगितलं.

"म्हणजे बुजवली तर चालेल असं शास्त्र म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"शास्त्र एवढंच म्हणतं की दोन्ही वेगळे."

"मग उपयोग काय?"

शास्त्राबद्दल हा प्रश्न मला घरीही विचारला जातो.

लहानूबाबांनी मात्र मान हलवली. "लागलेल्या पाण्यावर माती टाकायची नाय. नारळ दिलाय. आणि तीन पाड्यांची माणसं जेवून गेलीत. त्यांना काय सांगू, तुम्ही जेवला ते काम आम्ही परत पुरलं?"

प्रधान दगडावर बसले, डब्यातलं पाणी प्यायले, मग बाजूच्या पोरीला डबा पुढे केला. ती तोंड न लावता प्यायली आणि तिने तो परत दिला.

"आमच्याकडे आणखी एक कलम आहे," ते सावकाश म्हणाले. "जुन्या पाणवठ्याची दुरुस्ती. त्यात काम मंजुरीआधी केलं की नंतर, हा प्रश्न येत नाही. रक्कम कमी असते." मग लहानूबाबांकडे पाहून, शब्द निवडत, "बाबा, ही विहीर तशी जुनी आहे, नाही का?"

गुरुजी बाबांकडे पाहू लागले. मीही पाहू लागलो. मला एवढंच हवं होतं की म्हाताऱ्याने एकदा मान डोलवावी.

"जुनी कशी असंल?" बाबा म्हणाले. "होळी झाली, मग खणली. तुमच्यासाठीच खणली ना."

प्रधानांनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. गुरुजी दूर जाऊन सागाच्या एका खोडाला टेकले.

बुधीबाईने मिशरी थुंकली. "खड्डा नवा हाय, बाबा खरं बोलतो. पण पाणी काय आम्ही आणून ओतलं? माझी सासू इथंच वाटी घेऊन बसायची. तिची सासू पण बसायची, असं ती सांगायची. आता माझी सून बसती. एका जागी इतक्या बाया बसल्या, नि तुम्हाला ती जागा जुनी वाटत नाय?" मग माझ्याकडे वळून, "पेपरवाले, तुम्ही अर्जात झिरा लिवला होता ना? मग तो काय आम्ही चोरला?"

प्रधान उठले. त्यांनी कागद पुन्हा काढला. "झिरा अर्जात आहे?" त्यांनी मला विचारलं.

"एक अख्खा परिच्छेद," मी म्हटलं.

त्यांनी तो परिच्छेद तिथे उभ्याने वाचला. माझ्या आयुष्यात माझं गद्य इतक्या काळजीने कोणी वाचलेलं नाही. मग लिहिलं आणि मला दाखवलं: अर्जात नमूद केलेल्या जुन्या झिऱ्याची गावाने श्रमदानाने खोली वाढवली आहे, आतील बांधकाम आवश्यक. खाली सही. एक शब्द खोटा नव्हता. तरीही आपण काहीतरी केलं आहे असं त्यांना वाटत असावं, कारण परतताना फाट्यापर्यंत त्यांनी तो कागद दोनदा काढून पुन्हा वाचला.

निघण्याआधी जेवण झालं. नागलीची भाकर, उडदाची घट्ट डाळ, लसूण-मिरचीचा ठेचा. नागलीची भाकर पहिल्या घासाला कोरडी वाटते. घाई करू नये. माझ्या धोतरावर डाळ सांडली, बुधीबाईने ते पाहिलं आणि सगळ्या बायकांना सांगितलं. त्या कोकणा बोलीत जे बोलून हसल्या ते गुरुजींनी भाषांतरित करायला नकार दिला. जेवणाचे पैसे विचारू नका, घेत नाहीत. मीठ, काडेपेटी, गुळाची ढेप असं काही नेलंत तर घेतील. आणि पाणी बेताने प्या. कोणी अडवणार नाही, म्हणूनच.

घरी परतल्यावर माझं काम पुन्हा कांद्याच्या भावाकडे वळलं. ट्रस्टच्या कचेरीत त्या कलमावरून पुष्कळ वाद झाला, असं प्रधानांनी नंतर दोन ओळींच्या कार्डावर कळवलं. किती आणि कोणाशी ते लिहिलं नाही. वैशाखाच्या शेवटी मंजुरी आली. दुरुस्तीच्या कलमात विहिरीच्या निम्म्या उंचीपुरतंच सिमेंट बसत होतं. ते पेठपर्यंत ट्रकने आलं, फाट्यावर उतरलं आणि पुढे तीन पाड्यांच्या डोक्यांवरून गेलं. खालचा निम्मा भाग सिमेंटचा झाला. वरचा निम्मा गावाने ओहोळातले दगड नुसते एकावर एक रचून बांधला. आषाढात एका बाजूचा वरचा थर सुटून आत पडला, बाकीचा राहिला. पाणी बरेच दिवस लाल होतं, मग निवळलं. हे सगळं मला गुरुजींकडून कळलं. मी पुन्हा गेलेलो नाही.

या सहलीतून काय राहिलं, असं विचाराल तर निसर्ग सांगता येईल, तो मोफत आहे आणि वर्णनाला सोपा आहे. माझ्या बाबतीत राहिली ती एक अडचण. अनुदानाचे नियम मीच मराठीत उतरवले होते आणि त्या भाषांतरात चूक नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. तरी ते आठवले की लहानूबाबांचा प्रश्न आठवतो: असा उलटा नियम कोण करंल? दुसरा कोणी मला मदत मागायला आला आणि स्वतः हात बांधून बसला, तर मीही उठणार नाही. मग ट्रस्ट का उठतो?

दिवाळी झाल्यावर पेठकडचे दोघे घरी आले. शेजारच्या पाड्याचे, विहीर खणायला आलेल्यांतले. चपला बाहेर काढून ओट्यावरच बसले. पत्नीने चहा दिला, तो त्यांनी लगेच घेतला. मला हे बरं लक्षण वाटलं.

"आमच्या पाड्याची विहीर करायची हाय," त्यातला थोरला म्हणाला. "तुमच्याकडे अर्ज होतो असं कळलं."

"विहीर आहे का आधीची?"

"झिरा हाय. जुना हाय."

"खणायला लागला नाहीत ना?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तेच इचाराया आलो," धाकटा म्हणाला. "भोये गुरुजी म्हणतात, आधी अर्ज. लहानूबाबा म्हणतो, आधी खणा. तुम्ही लिवणारे. तुम्ही म्हणाल तसं."

नियम माझ्या टेबलावरच्या फाइलीत होता, माझ्याच अक्षरात. मला तो काढून वाचून दाखवता आला असता. दोघे पाहत होते.

"इर्जिक कधी ठेवताय?" मी विचारलं.

"परवा," थोरला म्हणाला. "नागली दळायला दिलीय."

"मग अर्ज तेरवा करू," मी म्हटलं.